काम झाल्याचा वास

तौनो, परवापासून तू तीन डबे मांडून बसलायस
स्वयंपाकघराच्या टेबलावर,
जशी कुणी मुलीसाठी स्थळं बघावीत.
क्लोरीन. ब्रोमीन. आणि ती चांदीची कांडी,
जिच्या खोक्यावर एक बाई गळ्यापर्यंत पाण्यात बसून
उगाचच हसते आहे.

बाहेर उणे सव्वीस.
डेकवर मिर्याचा टब झाकण पांघरून पडलाय.
कॅलगरीला जाताना ठेवून गेली पोरगी,
म्हणाली, आईच्या खुब्याला बरं पडेल.
पाणी भरून चार दिवस झाले,
तापलंय, वाफ काढतंय,
आणि मी अजून कोरडीच.

तू म्हणतोस, क्लोरीन घरात नको.
यावर मी काय बोलणार?
एकतीस वर्षं कागद गिरणीत
तू दुसऱ्यांच्या वह्यांसाठी लगदा पांढरा केलास.
तुझ्या कॉलरी माझ्याआधी म्हाताऱ्या झाल्या.
तुझे कपडे मी वेगळे धुवायची,
नाहीतर मुलांच्या मोज्यांचा रंग उडायचा.
आणि गळती झाली त्या रात्री,
इल्मारीला उचलून नेलं त्या रात्री,
तू बुटांसकट शॉवरखाली उभा राहिलास
टाकीतलं गरम पाणी संपेपर्यंत.
मी दाराबाहेर टॉवेल धरून.
काय झालं ते मला शेजारणीकडून कळलं.

काल दुकानात डेल्फीननं
आपल्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली,
रंगीत चौकोन उजेडात धरून
ज्योतिषाच्या थाटात वाचू लागली.
कढत पाण्यात क्लोरीन लवकर विरतं, म्हणाली,
ब्रोमीन तग धरतं, पण खिशाला चाट.
चांदीला जोडीला काहीतरी लागतंच.
(म्हणजे मिरवायला चांदी
आणि राबायला दुसरंच कुणी.
हे मी मनात म्हटलं.)

मग ती म्हणाली, आजोबा,
टबाला जो उग्र वास येतो ना,
तो ताज्या क्लोरीनचा नसतो.
घामाशी, कातडीशी, मळाशी झुंजून
दमलेल्या क्लोरीनचा असतो तो.
तू म्हणालास, आमच्या गिरणीतला ताजाच होता, बाळ.
ती बिचारी ओशाळली, पट्टीच बघत राहिली.

मग तूच विचारलंस, आणि ब्रोमीन दमलं की?
ते दमलं तरी बरंच काम करत राहतं, म्हणाली.
त्यावर तू काही बोलला नाहीस.
पाकीट काढलंस, आणि तिन्ही डबे घेऊन आलास.
तौनो, तिन्ही!

आता एक सांगते, कधी सांगितलं नव्हतं.
संप झाला होता, आठवतं?
सात आठवडे तू घरी.
लाकडं फोडलीस, छप्पर डांबरलंस,
रात्री शेजारी झोपायचास
तेव्हा शर्टाला नुसता साबणाचा वास.
मला झोप लागायची नाही.
पोटातल्या पोटात काहीतरी कोसळायचं.
आठव्या सोमवारी तू परतलास
तोच वास घेऊन, डोळे लाल, खोकत,
आणि मी, देवा, मला क्षमा कर,
मी सुखानं झोपले.

म्हणून म्हणते, मला विचारू नकोस.
माझं नाक तुझ्या पगाराला विकलेलं आहे.

ब्रोमीन टाक.
तरंगत्या डबीत दोनच गोळ्या, घाई नको.
क्लोरीन मिर्याच्या दिराला देऊन टाक,
पण तोवर दोन्ही डबे शेजारी ठेवू नकोस,
पोरीनं दोनदा बजावलंय.
कांडीचं काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.
आणि उद्यापासून पट्टी मी वाचणार.
तुला हिरवा आणि पिवळा
कधीपासून एकच दिसतो, ते मला ठाऊक आहे.

अर्धा तास थांबू, मग झाकण काढ.
काठी इथेच राहू दे.
पायरीवर बर्फ आहे,
आधी तू उतर,
आणि हात वर कर, इकडे,
माझ्याकडे.